महागडा सिगार: पैसे पानाचे की बँडचे?

मुळाकाठ (धागाकर्ता)

आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधला एक मित्र पुढच्या महिन्यात पन्नाशी गाठतोय. सगळ्यांनी वर्गणी काढून त्याला चांगले सिगार द्यायचं ठरवलंय. त्याला आवड आहे, आम्हा बाकीच्यांना त्यातलं फार कळत नाही, म्हणून चौकशीचं काम माझ्याकडे आलं.

कॅम्पात आणि कोरेगाव पार्कात दोन-तीन ठिकाणी विचारलं. निकाराग्वाचा, हाताने वळलेला रोबुस्तो (म्हणजे साधारण पाच इंची, जाडसर) हजाराच्या आसपास मिळतो. त्याच मापाचा क्युबन चार-पाच हजारांना. कोहिबा या क्युबन ब्रँडच्या वरच्या मालिकेतला विचारला तर जो आकडा कानावर आला, तेवढ्यात चार जण चांगल्या हॉटेलात पोटभर जेवून येतील. आणि हे एका नगाचं, तासाभरात राख होणाऱ्या वस्तूचं.

या पाचपट-दहापट किमतीत नेमकं काय वाढतं? पान वेगळं असतं, मेहनत वेगळी असते, की आपण बँडवरच्या (सिगारभोवतीच्या कागदी पट्टीवरच्या) नावाचे पैसे मोजतो? ज्यांनी दोन्ही प्रकार ओढले आहेत त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती. "परवडत असेल तर घ्या" एवढंच उत्तर नको.

---

ह्यूमिडॉर

बरीच वर्षं ओढतोय, महिन्याकाठी एखाद-दोन. प्रश्न चांगला आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

किमतीतला एक भाग शंभर टक्के खरा आहे, तो आधी. हाताने वळलेल्या चांगल्या सिगारमध्ये तंबाखूच्या पानाशिवाय दुसरं काही नसतं. टोकाची टोपी चिकटवायला चिमूटभर डिंक, बस्स. आत अख्खी लांब पानं, त्यांना धरून ठेवणारं बाइंडरचं पान आणि सगळ्यात वर रॅपर. मशीनवर बनणाऱ्या स्वस्त सिगारच्या आत पानांचा चुरा असतो, आणि बाइंडर बऱ्याचदा तंबाखूची भुकटी लाटून केलेला कागदासारखा पत्रा असतो. तो भराभर जळतो, गरम होतो आणि जिभेला चटका देतो. मशीनमेड सोडून हातवळणीचा घेतलात तर फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो, त्याला कुणी जाणकार लागत नाही.

पुढचा भाग पानाचा. एकाच रोपावरची पानं सारखी नसतात. खालची, ज्यांना व्होलादो म्हणतात, ती सौम्य असतात पण नीट जळतात. मधल्या सेकोला सुगंध असतो. वरच्या लिगेरोने सगळ्यात जास्त ऊन खाल्लेलं असतं, ती जाड, तेलकट आणि कडक असतात, आणि सावकाश जळतात. म्हणून वळणारा कारागीर लिगेरो बरोबर मध्यभागी ठेवतो, नाहीतर सिगार एका बाजूने जळत जातो. या तिघांचं प्रमाण बसवणं हे ब्लेंडरचं काम. कोहिबाची बेहिके मालिका २०१० मध्ये आली, तिच्यात शेंड्याजवळची मेदियो तिएंपो नावाची पानं घालतात. ती प्रत्येक रोपाला येत नाहीत, आली तरी दोनच येतात. तिथे दुर्मीळपणा खरोखरचा आहे.

रॅपरसाठी बऱ्याच ठिकाणी अख्ख्या शेतावर पातळ कापडाचा मांडव घालतात, म्हणजे पान पातळ आणि शिरा बारीक राहतात. एका पानाला जरी भोक पडलं तरी ते रॅपर म्हणून बाद. पानं आधी लाकडी कोठारात टांगून सुकवतात, मग त्यांचे मोठाले ढीग रचतात. ढिगाच्या पोटात उष्णता वाढते, पानातला अमोनिया बाहेर पडतो, ठरावीक तापमान गाठलं की ढीग मोडून उलटा रचायचा. हे परत परत. घाईत उरकलेला माल ओढताना नाकाला झोंबतो तो याच अमोनियामुळे.

आणि मग नुसतं थांबणं. पाद्रोन हे निकाराग्वाच्या तंबाखूचं नावाजलेलं घराणं, कंपनी १९६४ ची. त्यांच्या '१९६४ ॲनिव्हर्सरी' मालिकेत चार वर्षं मुरवलेला तंबाखू असतो, '१९२६' मध्ये पाच वर्षं. पाच वर्षं गोदामात पडून असलेल्या मालावर भांडवल अडकतं, कीड लागायची भीती असते, भाडं असतं. हे पैसे मी आनंदाने देतो, कारण मुरलेल्या पानाचा गोलपणा दुसऱ्या कशाने येत नाही.

माझ्या अनुभवात हा खरा भाग हजार ते दोन हजारांच्या सिगारपर्यंत बहुतेक संपतो. त्याच्या वर चव बदलते, पण किमतीच्या पटीत वाढत नाही.

---

आकडेमोड

ह्यूमिडॉर यांनी पानाचं सांगितलं, मी पावतीचं सांगतो.

आयात सिगारवर मूळ सीमाशुल्कच ६० टक्के. जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये तंबाखूसाठी ४० टक्क्यांचा टप्पा ठरवला. बाकीचे अधिभार बाजूला ठेवा, फक्त हे दोनच धरा: बंदरात १०० रुपयांना पडलेला सिगार सीमाशुल्काने १६० होतो आणि त्यावर ४० टक्के लावले की २२४. अजून आयातदाराचा, वितरकाचा, दुकानदाराचा नफा यायचाय. म्हणजे पुण्यात तुम्ही हजार रुपये देता तेव्हा त्यातला पानापर्यंत पोचणारा पैसा फारच थोडा. तंबाखूवर कर जबर असावा याच मताचा मी आहे. पण "महाग आहे म्हणजे माल भारी" हा हिशेब आपल्याकडे लागू होत नाही, एवढं लक्षात घ्या. निकाराग्वाचा असो की क्युबाचा, हा बोजा सगळ्यांवर सारखाच आहे.

आता क्युबनच्या भावाचं. २०२२ मध्ये क्युबन सिगार जगभर विकणाऱ्या हबानोस कंपनीने कोहिबा आणि त्रिनिदाद या दोन ब्रँडचे भाव जगभर हाँगकाँगच्या पातळीला आणून बसवले. कित्येक देशांत एका झटक्यात किंमत दुप्पट झाली. शेत तेच, पान तेच, वळणारे हात तेच. आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी एकाच पेटीतला सिगार दोन किमतींना विकला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर इयान चक्रीवादळाने पिनार देल रिओ झोडपलं. क्युबाचा उत्तम तंबाखू तिथेच पिकतो, आणि सुकवायची कोठारं मोठ्या संख्येने आडवी झाली. त्यामुळे माल कमी झाला हेही खरं. पण टंचाईमुळे वाढलेली किंमत आणि दर्जामुळे वाढलेली किंमत वेगळी मोजायला हवी.

अजून एक. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी लोकांना एकच वाइन दोन वेगवेगळ्या किमती सांगून पाजली. महाग म्हणून दिलेली लोकांना जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये सुखाशी संबंधित भागही जास्त चेतलेला दिसला. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच जास्त छान लागत होती. सिगारबाबतीत याहून वेगळं घडत असेल असं मला वाटत नाही. बँड काढून, कोणता कुठला ते न सांगता मित्राच्या हातात द्या आणि विचारा.

---

पर्वतीपायथा

+१. बँड काढून द्यायची कल्पना करून बघाच.

---

सिन्नरकर

मी सिगार ओढत नाही, बिडीही नाही. पण "हाताने वळलेला" हे शब्द वाचले आणि लिहावंसं वाटलं.

माझी आई आणि मावशी सिन्नरला बिड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि कातरलेली पानं. तेंदूची पानं विदर्भाच्या जंगलातून यायची, तंबाखू निपाणीकडचा. रात्री पानं भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायची. मग चिमटीत जर्दा, एक वळण, तोंड दुमडायचं, दोऱ्याचा फास. आई हे बोलता बोलता करायची, नजर चुलीवरच्या दुधाकडे असायची. संध्याकाळी कारखान्यात माल द्यायला जायचं. तिथला माणूस मूठभर उचलून बघायचा आणि न आवडलेल्या बाजूला टाकायचा. त्यांचे पैसे नाहीत, आणि त्या बिड्या परतही नाहीत. मजुरी हजारी, म्हणजे हजार बिड्यांना अमुक रुपये.

क्युबात वळणाऱ्याला तोर्सेदोर म्हणतात, त्याच्या नावाचा दबदबा असतो. दिवसाला शंभर-दीडशे सिगार तो करतो. माझी आई हजाराच्या घरात बिड्या वळायची. कौशल्य वेगळं आहे हे मान्य. सिगारची गुंडाळी नीट बसली नाही तर धूर ओढला जात नाही, बिडीत तेवढी नजाकत लागत नाही. तरी दोन्हीकडे बोटंच आहेत. एकीकडे हात हे महाग असण्याचं कारण म्हणून सांगितले जातात, आणि दुसरीकडे त्याच हातांची किंमत सगळ्यात आधी कापली जाते.

आपल्याकडचा कामगार कायदाही दोघांना एकत्र घ्यायचा: बिडी आणि सिगार कामगार कायदा, १९६६. २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितांनी त्याची जागा घेतली. पाळणाघर, रजा असं बरंच त्यात लिहिलेलं होतं. घरी बसून वळणाऱ्या बाईपर्यंत त्यातलं किती पोचलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

मुळाकाठ, तुम्ही पाच हजारांचा सिगार घेणार असाल तर जरूर घ्या, तुमचा पैसा. फक्त दुकानदार "हॅन्डरोल्ड आहे साहेब" म्हणाला की त्यातले वळणाऱ्याला किती गेले हेही मनात येऊ द्या.

---

ह्यूमिडॉर

सिन्नरकर, मनापासून लिहिलंत. मी इतकी वर्षं तोर्सेदोरबद्दल कौतुकाने वाचतोय, पण घराजवळच्या या हातांशी त्याची सांगड कधी कुणी घालून दाखवली नव्हती.

यात एक जोडतो. क्युबाच्या कारखान्यांत एकोणिसाव्या शतकापासून वाचक नेमायची प्रथा आहे. उंच जागी बसून तो कामगारांना वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवतो, त्याचं मानधन पूर्वी कामगारच वर्गणीने द्यायचे. तुमच्या विषयाशी याचा संबंध असा, की आपल्याकडे कण्णूरच्या दिनेश बिडी सहकारी संस्थेतही (१९६९ ची) असंच मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवलं जायचं. तिथे कामगार स्वतः मालक होते, म्हणून मजुरी आणि सोयी बाहेरच्यापेक्षा बऱ्या होत्या. हे होऊ शकतं, याचा तो पुरावा.

---

दातांची_डॉक्टर

कर्वेनगरात प्रॅक्टिस करते. धागा सिगारच्या किमतीवर आहे याची कल्पना आहे, पण माझ्या दृष्टीने हाही किमतीचाच भाग आहे.

"सिगारचा धूर आत घेत नाही, त्यामुळे धोका नाही" हे वाक्य शिकल्यासवरल्या पेशंटकडून सारखं ऐकते. सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो, त्यातलं निकोटिन रक्तात जायला फुप्फुसापर्यंत पोचावं लागतं. सिगारच्या धुराचा कल अल्कलीकडे असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच शोषलं जातं. धूर आत घेतला नाही तरी सवय लागू शकते ती यामुळे. सिगारेटमध्ये एक ग्रॅमहून कमी तंबाखू असतो, मोठ्या सिगारमध्ये पाचपासून वीस ग्रॅमपर्यंत. म्हणजे एक मोठा सिगार आणि सिगारेटचं अख्खं पाकीट यांत तंबाखू जवळपास सारखा असू शकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये फक्त सिगारवर सविस्तर अहवाल काढला. रोज सिगार ओढणाऱ्यांना तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांइतकाच असतो, असं त्यात आहे.

शेतावरचा मांडव, चार वर्षं मुरवणं, सेंद्रिय, विनारसायन, यातल्या कशानेही हे बदलत नाही. ज्या प्रक्रियेने अमोनिया निघून जातो, तिने कर्करोगकारक द्रव्यं निघून जात नाहीत. तंबाखूतली काही विशिष्ट नायट्रोसामाइन्स तर सुकवण्या-आंबवण्यातच तयार होतात.

भेट काय द्यायची तो तुमचा निर्णय. मित्राला तोंडात पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणं यातलं काही असेल, तर आधी तपासणीला पाठवा. हे मी पाया पडून सांगेन.

---

मुळाकाठ

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद ग्रुपवर जसाच्या तसा टाकला. मित्र महिन्यातून एखादाच ओढतो, तरी तपासणीचं त्याला सांगतो.

सिन्नरकर, तुमचं लिहिणं वाचून आमच्यातल्या दोघांनी फोन केला, त्यांच्याही आज्या बिड्या वळायच्या.

एक व्यावहारिक प्रश्न राहतो. मित्राचा फ्लॅट पिंपळे सौदागरला, पश्चिमेचं ऊन भिंतीवर. पंचवीसचा बॉक्स दिला तर त्याला वर्ष-दीड वर्ष पुरेल. तेवढा काळ सिगार टिकतील का?

---

ह्यूमिडॉर

नुसते कपाटात ठेवलेत तर नाही. पुण्याची हवा सिगारला फार कठीण. एप्रिल-मेच्या दुपारी हवेतला ओलावा वीस-तीस टक्क्यांवर येतो, सिगार कोरडा पडून रॅपर तडकतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऐंशीच्या वर जातो, मग सिगार फुगतो आणि बुरशी धरतो. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के लागतात, बाराही महिने.

लाकडी शोभेचा ह्यूमिडॉर (सिगार ओलाव्यात ठेवायची पेटी) घेऊ नका, त्याचं झाकण आपल्या उन्हाळ्यात घट्ट राहत नाही. रबरी गॅस्केटचा हवाबंद डबा घ्या, किचनवेअरच्या दुकानात मिळतो. त्यात सिगारच्या पेटीतलीच सीडारची फळी आणि बोव्हेडा कंपनीची, ओलावा ६५ टक्क्यांवर राखणारी पाकिटं. स्वस्तात होतं आणि उत्तम चालतं. डबा घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कपाटात, पश्चिमेच्या भिंतीला अजिबात नाही. पाकिटं दगडासारखी कडक झाली की बदलायची.

खरी भीती किड्याची. तंबाखूचा भुंगा म्हणतात तो, आपल्या हळदीत, धन्यात जे बारीक तपकिरी किडे होतात त्यांतलाच एक. अंडी पानात असतात, खोली उबदार झाली की अळी बाहेर पडते आणि सिगारला टाचणीएवढी आरपार भोकं पाडत जाते. मेमध्ये पुण्यातली खोली ज्या तापमानाला जाते ते त्याला फारच मानवतं. उपाय: नवीन सिगार दुहेरी झिप पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये, मग पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थेट फ्रीझरमधून बाहेर काढलात तर रॅपर फाटतो. एरवी फ्रिज वापरू नका, तो कोरडा करतो.

दुकान निवडताना हेच बघा. काउंटरवर काचेखाली उन्हात मांडलेला पाच हजारांचा क्युबन हा नीट सांभाळलेल्या हजाराच्या सिगारपुढे टिकत नाही. विक्रेत्याला त्याच्या ह्यूमिडॉरचा हायग्रोमीटर (ओलावा मोजायचं यंत्र) दाखवायला सांगा, आणि परवानगी घेऊन सिगार हलकेच दाबून बघा. स्पंजासारखा किंचित दबून परत येणारा घ्यायचा, करकरणारा नाही.

---

परदेशवारी

क्युबनबद्दल एक सावधगिरी. काचेचं झाकण असलेल्या पेटीतले कोहिबा कुणी स्वस्तात देत असेल, किनाऱ्यावर असो की "आमच्या ओळखीचा माणूस आणतो" असं असो, तर हात लावू नका. कोहिबा काचेच्या झाकणाच्या पेटीत येतच नाही. खऱ्या हबानोसच्या पेटीवर हमीचं सील असतं, त्यावर होलोग्राम आणि बारकोड, तो कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. सुटा नग घेताना ही सोय नसते, म्हणूनच सुट्यात नकली जास्त खपतात.

प्रवासातून आणायचे असतील तर विमानतळावर प्रौढ प्रवाशाला २५ सिगारपर्यंत मुभा आहे. मात्र ही सिगारेट आणि तंबाखूसकटची मर्यादा आहे: एकतर १०० सिगारेट, नाहीतर २५ सिगार, नाहीतर १२५ ग्रॅम तंबाखू. तिन्ही नाही. आणि इथे विकताना पुड्यावर ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्याचा लागतो. तो नसलेली पेटी दुकानात दिसली तर ती कराच्या वाटेने आलेली नाही असं समजायला हरकत नाही.

---

निवृत्त_फौजी

क्युबा-निकाराग्वाच्या गप्पांत आपल्या तिरुचिरापल्लीचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? इंग्रजांच्या काळात त्रिचीचे चिरूट विलायतेपर्यंत जायचे. दोन्ही टोकं उघडी, सरळ, बिनटोपीचे, त्यामुळे कटर लागत नाही. आमच्या युनिटमध्ये दक्षिणेकडची मंडळी सुट्टीवरून येताना आणायची. कडक असतात, सफाई नसते, पण पान अस्सल. आयटीसीनेही आर्मेंतेरोस नावाने हातवळणीचे सिगार काढले आहेत, ते आयातीच्या मानाने हलक्या भावात मिळतात. भेटीच्या पेटीत एक-दोन आपल्या मातीतले असावेत असं मला वाटतं.

---

आकडेमोड

फौजीकाका, उत्तम सूचना.

मुळाकाठ, माझा सल्ला: पंचवीसचा एकच बॉक्स नको. तेवढ्याच पैशांत निकाराग्वाचे चार-पाच वेगवेगळे, एक होंडुरासचा, एक डॉमिनिकन आणि एकच चांगल्या दुकानातून पावतीसकट घेतलेला क्युबन. बेहिके नको.

---

मुळाकाठ

ग्रुपवर यावर एकमत झालं. त्रिचीचे दोन घालतोय. उरलेल्या पैशांत हवाबंद डबा, पाकिटं आणि कटर. कटर कोणता?

---

ह्यूमिडॉर

दोन पात्यांचा साधा गिलोटिन. एका पात्याचा नको, तो चेंगरतो. टोपीवर जिथे वाकणं संपून सरळ भाग सुरू होतो, त्याच्या वरच कापायचं, जेमतेम दोन मिलिमीटर. रेषेच्या खाली गेलात तर रॅपर उलगडत येतो. लायटर ब्युटेनचा, पेट्रोलच्या लायटरचा वास पहिल्या झुरक्यात उतरतो.